दुसरी भट्टी आणि अनलिमिटेड प्लॅन

अण्णा, तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज भर दुपारी राजारामपुरीतल्या माझ्या ऑफिसात दाराला कडी घालून मी तुम्हाला लिहायला बसलोय. घड्याळात सव्वाचार झालेत. पाच वाजता तालमीत मिटिंग आहे. तिथं एकतर मला खरं बोलायला लागणार, नाहीतर चार वर्षं माझ्याकडं इमानानं राबलेल्या पोरीची नोकरी घालवायला लागणार. तिसरी वाट सकाळपासून शोधतोय. हाताला काय लागत नाही.

तुम्ही होता तेव्हा मी काँप्युटर दुरुस्त करत होतो. आता आपल्या पेठांतल्या तालमींच्या फुटबॉलच्या मॅचा मोबाइलवर लाइव्ह दाखवतो. पुण्यात, दुबईत गेलेली आपली माणसं तिथं बसून आपल्या तालमीसाठी घसा फोडतात, एवढा नाद. त्यासाठी मुंबईच्या एका कंपनीकडनं अख्खा सर्व्हर भाड्यानं घ्यावा लागतो. सर्व्हर म्हणजे चित्र साठवून पुढं सोडणारं मशीन, आणि त्याच्यापासून लोकांपर्यंत जाणारा एक पाइप, असं धरून चाला. यंदा पाइपाचे दोन प्लॅन होते. एक भरपूर रुंद, पण महिन्याला ठरावीकच डेटा. दुसरा अरुंद, पण महिनाभर कितीही सोडा, अनलिमिटेड. आता अनलिमिटेड म्हटल्यावर कोल्हापूरचा माणूस मागं सरतोय होय? रस्सा अनलिमिटेड असला की वाटी केवढी आहे ते आपण बघतच नाही. कंपनीच्या माणसानं फोनवर विचारलं, "सर, एका वेळी जास्तीत जास्त किती लोक बघतील?" मी त्याला अख्ख्या सीझनची सरासरी सांगून मोकळा झालो.

ही पोरगी गडहिंग्लजकडची, घरात निम्मं कानडी बोलणारी, पण कामाला एक नंबर. ती तेव्हाच म्हणाली होती, "सर, फायनलला सगळे एकदमच येणार की. महिन्याचं काय बघताय, त्या दोन तासांचं बघा." मी म्हटलं, "मला शिकवू नको, फॉर्म भर." तिनं भरला. खाली नाव तिचं पडलं.

रविवारी फायनल. बरोबरी, शेवटची दहा मिनिटं, आणि पेनल्टी मिळाली. शहरातला झाडून सगळा माणूस त्या एका मिनिटाला आत आला. पोरानं किक मारायला पाय मागं घेतला, आणि चित्र तिथंच थांबलं. पाय मागं, बॉल जागेवर, मधोमध गोल गोल फिरणारं चक्र. ती पटापट चित्राची क्वालिटी खाली आणत होती, मी मुंबईला फोन लावत होतो, पाइप पार तुंबलेला. चित्र परत हललं तेव्हा पेनल्टी वाया गेली होती, समोरच्यांनी गोल मारला होता आणि मॅच संपली होती. अर्ध्या तासात हरलेल्या पेठेची चाळीस-पन्नास माणसं जिना चढून वर ऑफिसात. "तू त्या पेठेचा! मुद्दाम बंद पाडलंस!" एकानं माझी कॉलर धरली. अण्णा, मी घाबरलो. खरंच फाटली माझी. मी बोट दाखवलं आणि म्हणालो, "प्लॅन हिनं घेतलाय. फॉर्मवर नाव बघा." ती माझ्याकडं बघत राहिली. गर्दी जरा थंडावली. बाहेरगावची पोरगी, तिला कुठली पेठ! आता त्यांचा निरोप आलाय, हिला काढा, पाचला आमच्या तालमीत येऊन तसं सांगा, मग पुढच्या सीझनचं बोलू.

दोन दिवस मला शिरोली एमआयडीसीतलं फाउंड्रीचं ते शेड दिसतंय. मी डिप्लोमाला होतो, सुट्टीत तुमच्या हाताखाली शिकायला आलो होतो. तुम्ही हेड वायरमन. दोन भट्ट्या, आणि दोन्ही एकदम फुल लोडवर घेतल्या की अख्खं युनिट ट्रिप, सगळीकडची लाइट गुल. म्हणून तुमचा एक कायदा होता. भट्टी चढवणाऱ्यानं आधी पलीकडं ओरडायचं, "घेऊ का?" आणि तिकडनं "घे की!" आल्याशिवाय नॉबला हात लावायचा नाही. मी तुम्हाला शहाणपण सांगितलं होतं, "अण्णा, सरासरी लोड तर बसतोय की." तुम्ही म्हणालात, "भट्टीला सांग तुजी सरासरी." तरी दुसऱ्या दिवशी मी न ओरडता दुसरी भट्टी चढवली. खाडकन सगळं बंद. पंखे थांबले, शेडमध्ये अंधार, आणि भट्टीतला लोखंडाचा रस तांबडा, मग काळपट होत चाललेला. लाइट येईपर्यंत तो आतच गोठला. मालक धावत आले. "कुणी हात लावला?" मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "माझ्याकडनं झालं, मालक."

आठ महिने तुम्हाला पॅनेलवरनं काढून ओतीव माल घासायला बसवलं. नाकातोंडात काळी भुकटी घेऊन घरी यायचा. आईनं शेवटपर्यंत तुमचीच चूक धरली. त्या संध्याकाळी लुनावर तुम्ही मला एवढंच बोललात, "चुकलास त्याचं काय न्हाय रं. इचारलं न्हाईस. तोंड काय भाड्यानं दिलंतंस?" आणि डिप्लोमा झाल्यावर स्वतःचा टेस्टर मला दिलात. तो आत्ता समोर पेनांच्या डब्यात उभा आहे. त्याच्याकडं मी दोन दिवस बघितलेलं नाही.

आता पावणेपाच. मधेच तिनं दार वाजवलं होतं. मी कडी काढली. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ. म्हणाली, "सर, मीच येते तालमीत. माझ्याकडनं झालं म्हणून सांगते. तुमचा धंदा इथंच आहे, मी काय, गावाकडं बघीन कायतरी." तुमचेच शब्द, अण्णा. तिला कुठनं ठाऊक? मी नुसतं "बघू" म्हणालो. बघू! ती बाहेर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलीय.

आता उठतो. तिला सांगतो, तू कुठं जायचं नाहीस, इथंच थांब. तालमीत जाऊन म्हणतो, प्लॅन मी निवडला, हिनं नको म्हणून सांगितलं होतं, फोडायचं तर मला फोडा. पुढचा सीझन जाईल, जाऊ दे. हा कागद टेस्टरबरोबर ड्रॉवरमध्ये ठेवतोय, कारण दुसरा पत्ता माझ्याकडं नाही. फक्त जायच्या आधी एक सांगायचंय, जे त्या लुनावर सांगायला पाहिजे होतं. ती "माझ्याकडनं झालं म्हणून सांगते" म्हणाली, तेव्हा पहिल्यांदा मला बरं वाटलं. लाज नंतर वाटली. आणि त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही म्हणालात ना, तेव्हाही मला अगदी असंच बरं वाटलं होतं.