टाकीचं झाकण

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून मी हिवरखेडचा ब्रीडिंग एक्सपर्ट. अकोल्याहून नायट्रोजनची टाकी आली. आत मुऱ्हा जातीच्या हेल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, वीर्याच्या कांड्या, बर्फाहून थंड. झाकण विनाकारण उघडायचं नाही, नायट्रोजन उडून जाते, असं ट्रेनिंगमध्ये बजावलं. मी काय लहान पोरगा आहो?

प्रणाली माहेरी, तेल्हाऱ्याले जाऊन बसली. दरसाली नवा धंदा पाहून कटाळली म्हणे. आता बाबाची म्हैस गाभण करून दाखवा, मंगच येईन, म्हणे. बस, एवढंच? आणतोच तिले.

६ फेब्रुवारी
झाकण उघडलं. टाकी आतून एवढी थंड असते, याच्यावर चहावाल्या शाहनवाजले विश्वास बसत नव्हता. पांढरं धुपट निघालं. लय इम्प्रेशन पडलं.

९ फेब्रुवारी
भजनी मंडळ पाहाले आलं. म्हातारी माणसं, नाही कसं म्हणू? मंग शाळेच्या मॅडम. मंग शेजारच्या आकांक्षाच्या बड्डेले केकमागं धुपट पाहिजे होतं. ही पब्लिसिटी आहे, वेस्टेज नाही. उद्यापासून बंद म्हणजे बंद.

२३ फेब्रुवारी
टाकीत पट्टी बुडवून पाहिली. नायट्रोजन असन तिथवर पट्टीवर बर्फ धरते. कुठंच धरला नाही. पट्टी डुप्लिकेट निघाली.

२४ फेब्रुवारी, दुपार
सासऱ्याचा फोन, म्हैस माजावर आली. टाकी गाडीवर बांधून पळालो. झाकण उघडलं तं धुपटच नाही. कांडी आधीच पातळ झाली होती. बरंच झालं, कोमट पाण्यात वितळवाचा टाइम वाचला. तीच म्हशीले भरून टाकली. देवा, एवढी एक लागू दे! प्रणाली दारात उभी होती.

१७ मार्च
सासरे फोनवर म्हणे, म्हैस लय रेकून राहिली. डोहाळे आहेत, असं सांगतलं. त्याईनं फोन ठेवला. आज पुन्हा भाकर करपली. प्रणालीबिगर करमत नाही, खोटं कायले लिहू?

२० मे
म्हैस गाभण! डॉक्टरनंच तपासली. बातमी आयकून मी रडलोच. नवा शर्ट, पेढे, थेट तेल्हारा. सासऱ्यानं शाल-नारळ काढून ठेवलं होतं. मी मान वाकवली.

डॉक्टर म्हणे, गर्भ दोनच महिन्याचा आहे. सासरे म्हणे, म्हैस पुन्हा माजावर येऊन रेकत होती त्या दिवशी शेजारच्या पार्बताबाईचा हेला दावं तोडून आला होता. शाल दारात आणून बांधलेल्या त्या हेल्याच्या पाठीवर पडली. प्रणालीनं त्याले कुंकू लावलं, माह्याच पुड्यातला पेढा भरवला. मले म्हणे, दोर धरा जरा, हलून राहिला तो.

धरला. म्हैस तं गाभण झाली, आता चाल घरी, असं हळूच म्हणलं. अट ज्यानं पुरी केली त्याले इचारा, म्हणे अन् घरात गेली. मी दोर धरून उभाच होतो.