टिकलेली ओळ

सर, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि काल मी एका माणसाचा दात पाडला.

नल्लकुंटा मोहल्ल्यातल्या तुमच्या स्वयंपाकघरात शिकवणी चालायची. तुम्ही भेंडी चिरता चिरता कविता शिकवायचात, आणि कुणी स्वतःची ओळ आणली की हुकूम ठरलेला: काकूंना मराठीत सांग, वरच्या मजल्यावरच्या अम्मांना तेलुगूत, दारातल्या भाजीवाल्याला दखनीत. तिघांना दिसली तर ठेव, नाहीतर खोड. मी बारा वर्षांचा, लिहून आणलं होतं, 'माझ्या काळजात सुरी फिरते.' भाजीवाला हसला, "कौन घुसाया मियाँ? खून किधर है?" तुम्ही हसला नाहीत. भेंडीचा चिकट चाकू माझ्या तळहातावर टेकवलात आणि दाबलात. "आता सांग, कशी फिरते? कल्पना म्हणजे थापा नव्हेत लेका. समोर नसतं, तेसुद्धा बघावं लागतं." रक्त आलं. काकू तुमच्यावर ओरडत हळद दाबत होत्या आणि मी मनातल्या मनात तुम्हाला ठार मारत होतो.

तरी कॉलेजात फिलॉसॉफी घेतली ती तुमच्यामुळेच. सेकंड इयरला प्राध्यापकांनी 'सत्य म्हणजे काय' याच्या नोट्स उतरवून घ्यायला लावल्या. मी वही भिरकावली, विद्यानगरच्या त्या कॉलेजातून चालत घरी आलो, परत गेलो नाही. वर्गातली एक मुलगी तेवढी भेटत राहिली. तिच्यासाठी वह्या भरल्या, नुसता जाळ, वणवा, राख. ती तेलुगू घरची. म्हणायची, "अर्थ सांग ना रे." मी खेकसायचो, "अर्थ काय विचारतेस, फील कर!" शेवटी तिनं लग्न ठरवलं. मुलाचं बेगम बाजारात भांड्यांचं दुकान.

काल मी त्या दुकानात गेलो. गिऱ्हाईक समजून तो माझ्यासाठी चहा सांगतोय आणि मी ठोसा मारतो. मग दुसरा. परातींचा ढीग कोसळतो. तोंड धरून तो विचारतो, "मारे कायकू भई? बात तो बोलो!" सर, माझ्याकडे तीन भाषा होत्या. तिन्हींत मला नुसता वणवाच आठवला. ती लग्नाची भांडी बघायला आली होती, आतून धावत आली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वाकून परातीतला दात उचलला.

आज सकाळी तेवढंच लिहिलं. 'तिनं त्याचा दात ओढणीत बांधला.' शेजारच्या अम्मांना तेलुगूत सांगितलं, त्यांनी स्वतःच्या पदराचं टोक चाचपलं. चहावाल्यानं दखनीत ऐकून किटली खाली ठेवली. आई म्हणाली, "लई जीव हाय पोरीचा त्याच्यावर."

हे पत्र वहीतच राहील. तुमच्या नियमानं ओळ ठेवायला हवी होती. पण ती मला बघवेना. मी खोडली, सर.