खिळ्यावरचे बिल्ले

२ एप्रिल १९५५, नेवाडा
पोचलो एकदाचा! आयोवाच्या शाळेत पोरांना फिजिक्स शिकवून विटलो होतो. आता अणुस्फोटानंतर वाळवंटात किरणोत्सर्ग मोजणाऱ्या तुकडीत आलोय. माणसं हवीत चोवीस, आहोत अकरा. मीटर चौदा, त्यातले सहा धड. बाकीच्यांचे काटे मनाला येईल तसे नाचतात. रबरी बूट आलेत ते सगळे हत्तीच्या मापाचे. माझा जोडीदार क्विलन जीप चालवतो आणि मला 'मास्तर' म्हणतो. बीन्स मात्र झकास, पण हे बायकोला, वेर्नाला, कळवायचं नाही.

९ एप्रिल
छातीवर फिल्मचा बिल्ला लावायचा. अंगावर किती किरण पडले ते त्यावर उमटतं. ठरलेली मात्रा भरली की घरी रवानगी. मग काम कोण करणार? म्हणून जुने गडी बाहेर जाताना बिल्ला तंबूतल्या खिळ्याला टांगून जातात. मी माझा काढला नाही. क्विलन म्हणाला, "मास्तर, मोठा बार बघायचाय ना? मग काढ मुकाट्याने. नाहीतर जा घरी, बस बायकोच्या हातचं खात!" काढला. लाज वाटली, पण मोठा स्फोट चुकवायचा नव्हता.

२१ एप्रिल
स्फोट पहाटे झाला. मग वारा आमच्या दिशेला फिरला. आम्ही घळीत होतो, चाक वाळूत रुतलेलं. मीटरचा काटा टोकाला जाऊन आपटला तो तिथेच राहिला. क्विलन म्हणाला, हेही गेलं कामातून. दोघंही हसलो. चाळीस मिनिटं फावड्याने वाळू उपसली. परतल्यापासून दोघांनाही उलट्या.

२२ एप्रिल
मीटर तपासलं. ते चांगलं आहे.
डॉक्टरांनी आमच्या फिल्म धुऊन पाहिल्या. कोऱ्या. बीन्स बाधले म्हणाले. मी तोंड उघडणार तोच क्विलनने माझा पाय दाबला. बाहेर आल्यावर म्हणाला, बोललास तर अकराच्या अकरा अडकतील. गप्प बसलो. भित्रा आहे मी.

२६ एप्रिल
भूक लागली. बरं वाटतंय. निभावलं बहुतेक.

५ मे
क्विलनची उशी केसांनी भरलेली. टोपी काढत नाही. थट्टा करत नाही. माझ्या हिरड्यांतून रक्त—

७ मे
क्विलनला स्ट्रेचरवरून नेलं. मी तुकडीच्या प्रमुखांना, मेजर ट्रेडवेलना, सगळं सांगितलं. खिळा, घळ, सगळं. त्यांनी माझ्या बिल्ल्याच्या नोंदीचा कागद पुढे केला. शून्य. म्हणाले, "घाबरलास, म्हणून गोष्टी रचतोस? सगळ्यांत कोरा तूच आहेस. उद्याच्या स्फोटानंतर पुढे तूच जायचं. दुसरा माणूस आहे कुठे माझ्याकडे?"

८ मे
जीप आली. हॉर्न—
डॉक्टर येऊन 'कामाला ठीक' असं लिहून गेले. म्हणाले, उभा राहून दाखव. राहिलो. ताठ. वर्गात तपासणीचे साहेब आले की राहायचो तसा— वेर्ना, का गं राहिलो मी उभा? पडायला हवं होतं. आता पडतो. इथेच. जीपवाले आत यायच्या आधी—
पाय वाकत नाहीत. कुणीतरी काखेत हात घालून मला—