जुन्या कॉम्प्युटरचा आवाज

छोट्या,

दाराशी खोकं आहे, त्यात नवा कॉम्प्युटर आहे. बाबांनी तो परवाच आणलाय. दोन दिवस मीच आमच्या पलंगाखाली सरकवून ठेवला होता, तेव्हा त्यांच्यावर चिडू नकोस.

दुकानदार म्हणाला, याचा आवाजच येत नाही, चालू आहे की बंद तेही कळत नाही. बाबा खूश झाले. मला मात्र तो नको होता. तुझ्या जुन्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, भिंतीपलीकडे ओट्यापाशी ऐकू येतो. तू दार उघडत नाहीस, हाकेला ओ देत नाहीस. पण पंखा सुरू झाला की मला कळतं, तू उठलास. मगच मी कामावर जाते. गेल्या रविवारी दुपारपर्यंत तो सुरू झाला नाही, तेव्हा मी तुझ्या दाराला कान लावून उभी होते.

आज सुरू झालाय, म्हणून निघतेय. जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

जुना मध्येच बंद पडतो, त्यावर काढतोस ती चित्रं अर्धवट राहतात, असं तूच बाबांना घरातल्या घरात मेसेज करून कळवलंस. त्यामुळे खोकं परत पाठवायला माझं मन होईना. नवा लावायचा की नाही ते तूच ठरव. पण लावलास, तर उठल्यावर एकदा भिंतीवर टकटक कर. मी काही विचारणार नाही, हाकही मारणार नाही. चपला घालीन आणि कामाला जाईन.

आई