नेल्सच्या नावाने

मी, मार्लिस ट्वेट, कै. ऑरिन ट्वेट यांची पत्नी, वय ७७ वर्षे, शाळेच्या खानावळीतून निवृत्त झालेली स्वयंपाकीण, राहणार पोर्टलंड शहर, पूर्व भाग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून व कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. गाठ पोटात आहे, डोक्यात नाही; डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. ते केले तेव्हा मी वेगळी बाई होते.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या वकील रोझलिंड प्रुएट यांनी करावी. त्या मला म्हणाल्या, "मार्लिसबाई, यात फक्त मालमत्ता लिहायची. गुन्हे लिहायचे नसतात." मी दोन्ही लिहिणार आहे.

२. ऑरिनची हत्यारपेटी आणि गोदीत माल ओढायचे त्याचे दोन आकडे शेजारी क्वांग दिन्ह यांस द्यावेत. त्यांच्या नूडलच्या दुकानाची काच सहा वेळा फुटली. सहाव्या वेळी त्यांनी ऑरिनच्याच हातोडीने प्लायवूड ठोकले, ते पुन्हा काढलेच नाही. मी विचारले तर म्हणाले, "बाई, काच बसवायची कोणासाठी? फोडणाऱ्यासाठी?" एकवीस वर्षांचे दुकान होते. पेटी तेव्हापासून त्यांच्याच गॅरेजमध्ये आहे, ती परत मागू नये.

३. माझी नणंद बेव्हर्ली हिला माझ्या अंगणातली 'येथे सर्वांचे स्वागत आहे' ही लाकडी पाटी द्यावी. तिच्याकडे तशी एक आहे, पण तिच्या गल्लीत बेघरांचा एकही तंबू नाही, तेव्हा दोन पाट्या सहज मावतील. दोन वर्षांपूर्वी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणात तिला कळले की सरकारी वकिलाच्या निवडणुकीत मी नशेबाजांना आत टाकू म्हणणाऱ्या त्या कडक माणसाच्या बाजूची आहे. हातातला काटा खाली ठेवून म्हणाली, "वहिनी, दादा असता ना, तर तुला घराबाहेर काढलं असतं."

"तुझ्या दारात कोणी सुई टोचून पडू दे, मग बोलू आपण," मी म्हटले.

"किती कडवट झालीस गं तू!" असे म्हणून तिने स्वतः आणलेला भोपळ्याचा गोड पाई अर्धा कापलेलाच उचलला आणि गेली. त्यानंतर फोन नाही. तिला आणखी काही देऊ नये.

४. ऑरिन युनियनचा माणूस होता. मतपत्रिका टपालाने घरी येऊ लागल्यापासून दर निवडणुकीला आम्ही दोघे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्या भरायचो. डेमोक्रॅट सोडून दुसऱ्या कोणाच्या नावापुढे माझे पेन कधी थांबलेसुद्धा नाही. तो गेल्यावरही मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसून तसेच भरत राहिले. पाच वर्षांपूर्वी, नशेचे पदार्थ जवळ सापडले म्हणून कोणाला तुरुंगात टाकू नये, उपचार द्यावेत, अशा जनमताच्या प्रस्तावावर मी मनापासून 'हो' केले. माझा मुलगा नेल्स डोळ्यांसमोर होता. नेल्स तुरुंगात गेला नाही, दवाखान्यातही गेला नाही. तो महामार्गाच्या कडेला तंबूत गेला.

पुढे मला बसथांब्यावर एकाने ढकलले आणि पिशवी नेली. खुब्याचे हाड मोडले. चोराचा राग मला फारसा नाही. मी पडले होते आणि माणसे मला वळसा घालून जात होती, कारण त्यांना वाटले, हीसुद्धा नशेत पडणाऱ्यांतलीच. त्या दिवशी माझ्यातले काहीतरी संपले. तो कडक उमेदवार म्हणत होता, रस्त्यावरच्या नशेबाजांना उचलू. कोठडी नाहीतर उपचार. मला माझ्या मुलासाठी कोठडी हवी होती. आईने हे लिहू नये, पण कोठडीत रोज हजेरी तरी घेतात.

५. आता गुन्हा. नेल्सचा मतदार म्हणून पत्ता माझाच आहे, त्यामुळे त्याची मतपत्रिका दरवेळी माझ्या घरी येते. मी त्या नुसत्या जपून ठेवत असे. गेल्या वर्षी मे महिन्यात मी ती उघडली, त्या कडक माणसाचे नाव भरले आणि पाकिटावर नेल्सची सही केली. मला वाटले, मी त्याला वाचवते आहे.

सही जुळली नाही. निवडणूक कार्यालयाचे पत्र आले, अर्थात नेल्सच्या नावाने, आणि टपालपेटीतच राहिले. मी चर्चमध्ये गेले होते. नेल्स रविवारी अंघोळीला आला होता. त्याने आपले टपाल म्हणून ते उघडले. मी परतले तेव्हा तो ओल्या केसांनी टेबलाशी बसला होता.

"आई, हे तू केलंस?"

"तुझ्या भल्यासाठी केलं रे."

"माझ्याकडे राहिलंय काय गं? दात नाहीत, फोन नाही. एक मत होतं. तेसुद्धा मला आत टाकायला वापरलंस?"

मी म्हटले, "जेवून जा." तो जेवला नाही. मॅकरोनीचा डबा मात्र घेऊन गेला.

ते मत बाद झाले आणि तो उमेदवार त्याच्याशिवाय निवडून आला. सप्टेंबरमध्ये महामार्गाकडेचे तंबू उठवले. कोठडीच्या यादीत नेल्स नव्हता, उपचाराच्याही नव्हता. जप्त सामानाच्या गोदामात मला त्याची पिशवी मिळाली. डबा घासून पुसून आत ठेवलेला होता. त्यानंतर त्याला कोणी पाहिलेले नाही.

६. माझे राहते घर, जमीन व आतील सर्व सामानासह, माझा मुलगा नेल्स ट्वेट यास द्यावे. विश्वस्त नको, अटी नकोत. प्रुएटबाई म्हणाल्या, "त्याला असं मोकळं घर दिलंत, तर वर्षभरात विकेल, नाहीतर त्याच घरात मरेल. तुम्हाला कळतंय ना?" मला कळते. पण मी एकदा त्याच्या वतीने ठरवले, आता ठरवणार नाही. मरायचेच असेल तर त्याने स्वतःच्या पलंगावर मरावे, आणि दार त्याने आतून लावलेले असावे.

त्याला शोधण्यासाठी इस्पितळे, तुरुंग, निवारे सगळे विचारावे. बेवारस प्रेतांच्या कार्यालयात मी स्वतः दर सोमवारी फोन करते. तो फोन पुढे चालू ठेवावा. तिथली मुलगी आता माझे नाव विचारत नाही.

७. नेल्स हयात नसल्यास घर कोणाला जावे, हे कलम प्रुएटबाईंनी तीनदा लिहून आणले आणि मी तीनदा खोडले. कायद्याला ते हवे असते म्हणे. मी ते लिहिणार नाही. ही जागा कोरी राहील.

साक्षीदार: १. इमोजेन फॅरो, घरी येणारी परिचारिका. २. पास्टर लोवेल स्टुबे.
दोघांच्या समक्ष, दोघांना वाचून दाखवून, सही केली.

मार्लिस ट्वेट
पोर्टलंड, ओरेगन
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. आजचा फोन केला. नाही म्हणाली.