‘निरोप घ्या’ या बटणाबाबत

प्रति,
मा. संचालक,
मुक्त संगणक प्रणाली सुलभीकरण कक्ष,
मुख्य इमारत, तिसरा मजला.

विषय : वाचनालयातील संगणकावरचे ‘निरोप घ्या’ हे बटण नवशिक्यांसाठी सोपे करण्याबाबत, आणि त्याआधी एक आवाज वाचवण्याबाबत.

संदर्भ : ‘आपली सूचना उपयुक्त आहे’ असे कळवणारे आपल्या कक्षाचे उत्तर.

महोदय,

अर्जदाराचा मागचा अर्ज आपल्या खिडकीवरून एकदा परत आला होता, कारण त्यात जागोजागी ‘मी’ होते. “मी म्हणजे कोण? अर्जदार लिहा,” असे तेथील कारकुनांनी समजावले. तेव्हापासून अर्जदार स्वतःला अर्जदार म्हणतो आणि पत्नीला सौ. अर्जदार. घरी हे वाचून दाखवल्यावर सौ. अर्जदार पोट धरून हसल्या. हसण्याचा आवाज मात्र आला नाही, आणि अर्जाचे कारण तेच आहे.

१. सौ. अर्जदार बालवाडीच्या बाई होत्या. त्यांनी शाळेच्या फाटकातून हाक मारली की रस्त्यापलीकडे चष्म्याच्या दुकानात अर्जदाराच्या हातातला स्क्रू पडत असे. घशाच्या दुखण्यामुळे त्यांचे स्वरयंत्र काढावे लागणार हे ठरले, तेव्हा डॉक्टरांनी सुचवले की आधी पुष्कळ वाक्ये रेकॉर्ड करून ठेवा. पुढे बाई जे टाइप करतील ते संगणक त्यांच्याच आवाजात बोलेल, आणि तो प्रोग्राम वाचनालयातल्या संगणकावर फुकट मिळतो. अर्जदाराच्या घरी संगणक नाही.

२. वाचनालयातला खिडकीजवळचा संगणक सुरू केला की दोन नावे येत : ‘प्रशासक’ आणि ‘पाहुणा’. आपण कुठले आलोय प्रशासक, म्हणून उभयतांनी ‘पाहुणा’ निवडले. यात काय चुकले ते अर्जदाराला आजही कळलेले नाही. रोज काम झाल्यावर ते ‘झोपवा’ हे बटण दाबत आणि दुसऱ्या दिवशी सगळे जागच्या जागी सापडे. प्रोग्राम वाचायला देई ती वाक्ये चमत्कारिक असत. ‘बगळा जिना उतरला’ हे वाचून बाई म्हणाल्या, “उतरेना का, मला काय सांगतो?” तेही रेकॉर्ड झाले.

३. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी शेवटचे वाक्य संपले. अर्जदार ‘झोपवा’ दाबणार होता. सौ. अर्जदार म्हणाल्या, “अहो, आज काम संपलं. इतके दिवस पाहुणे म्हणून राहिलो, न सांगता कसं उठायचं?” आणि त्यांनी ‘निरोप घ्या’ दाबले. पडद्यावर आले : ‘सत्र संपुष्टात आणून तात्पुरती सामग्री विसर्जित करावयाची आहे काय?’ उभयतांनी ते दोनदा वाचले. बाईंनी, आयुष्यभर मुलांना शब्दांचे अर्थ सांगितल्यामुळे, खुलासा केला की तात्पुरती म्हणजे आपली नव्हे, आपली तर जन्मभराची आहे. मग त्यांनीच ‘होय’ दाबले, आणि सगळी वाक्ये पुसली गेली. बाईंच्या तोंडचा हा शेवटचा खुलासा. त्याचा राग अर्जदाराला बाईंवर येत नाही, त्या वाक्यावर येतो.

४. पेनड्राइव्हवर आधीच का घेतले नाही, असे आपल्या कक्षाने विचारले आहे. पेनड्राइव्ह लावला होता. पडद्याने विचारले, ‘आरोहण करावयाचे आहे काय?’ अर्जदाराचे गुडघे दुखतात. त्याने ‘नाही’ दाबले. त्याचा अर्थ ‘पेनड्राइव्ह उघडायचा का’ असा होता हे वाचनालयाच्या ताईंनी नंतर सांगितले, आणि सांगताना त्यांचेही डोळे भरले होते.

५. मागच्या अर्जात तीन विनंत्या होत्या. पुसलेला आवाज परत मिळावा. पुसण्याआधी ‘तुमचे सगळे काम नाहीसे होईल’ असे सरळ सांगावे. आणि बटणावर ‘निरोप घ्या’ऐवजी ‘येतो’ असावे, कारण परत यायचे असते तो माणूस ‘येतो’ म्हणतो. आपण कळवले की आवाज मिळणे अशक्य, सूचना उपयुक्त, आणि प्रणाली मुक्त असल्याने तिच्यात कोणीही बदल करू शकतो, तरी अर्जदाराने स्वतः करावा. अर्जदार चष्मे दुरुस्त करतो. काडी तुटलेल्या गिऱ्हाईकाला त्याने आजवर ‘काच मुक्त आहे, तुम्हीच घासा’ असे सांगितलेले नाही. हे वाक्य उद्धट वाटल्यास खोडावे.

६. आता मुद्द्याचे. माइक बसवताना तंत्रज्ञांनी एक चाचणी घेतली होती, ती ‘प्रशासक’ या नावाखाली अजून शिल्लक आहे असे ते सांगतात. तीत बाई एवढेच म्हणतात : “अहो, जरा सरका की. तुमच्या श्वासाचाच आवाज जाईल आत.” प्रोग्रामला एवढ्याने भागत नाही, अर्जदाराला भागेल. त्या सगळ्या बगळ्यांच्या वाक्यांत ‘अहो’ कुठेही नव्हते. आता घरी बाई वाटीवर चमचा वाजवून बोलावतात आणि अर्जदार लगेच जातो, पण ते बोलावणे कोणालाही असू शकते. आपल्या लेखी परवानगीशिवाय चाचणी देता येत नाही, असे तंत्रज्ञ म्हणतात. वाचनालयात सूचना लागली आहे की नवशिक्यांसाठीची नवी सुलभ आवृत्ती घालताना सर्व संगणक आतून पूर्ण साफ केले जातील. तरी त्याआधी तेवढे एक वाक्य सोबतच्या पेनड्राइव्हवर द्यावे. आरोहणास अर्जदाराची आता हरकत नाही.

कळावे, लोभाची अपेक्षा नाही, परवानगीची आहे.

आपला नम्र पाहुणा,
(सही) अर्जदार
चष्मेवाला, बालवाडीसमोर

दिनांक : टपालाच्या शिक्क्यावर असेल तो

सोबत : १. आपल्या उत्तराची प्रत. २. पेनड्राइव्ह, रिकामा.

ता. क. : हा अर्ज टाइप करून घेण्यासाठी अर्जदार आज सपत्नीक वाचनालयात गेला. नवी आवृत्ती आली आहे. अक्षरे मोठी आहेत, चित्रे छान आहेत, आणि ‘निरोप घ्या’च्या जागी ‘येतो’ आहे. अर्जदाराच्या सूचनेची दखल घेऊन आमच्या वाचनालयाला पहिला नंबर दिला, असे ताईंनी सांगितले. तंत्रज्ञांनी ‘प्रशासक’ उघडून पाहिले. काही नाही. पाहुण्याचे काम अजूनही सरळ न सांगताच पुसले जाते, ते पुढच्या आवृत्तीत बघू म्हणाले.

सौ. अर्जदार बराच वेळ त्या बटणाकडे पाहत होत्या. मग त्यांनी ‘येतो’वर बोट ठेवले आणि ओठांनी त्याचे ‘येते’ केले. अर्जदार सवयीने बाजूला सरकला, श्वासही रोखून धरला. तरी काही ऐकू आले नाही.

विनंती क्रमांक तीन मान्य केल्याबद्दल आभार. पेनड्राइव्ह परत पाठवण्याची घाई नाही.