रिळांचे दोन दुश्मन

१९ एप्रिल
योगेंद्रची कॉलर धरली. धरायला नको होती. पण शेजारच्या वासुदेवकाकांच्या रिळांच्या डब्यांना पायानं ढोसत म्हणाला, "भंगारवाल्याले सांगून ठेवलं हाये." बापाला जाऊन महिना झाला नाही याच्या! काकांनी मुंबईत उभा जन्म दुसऱ्यांच्या सिनेमांचा कॅमेरा चालवला. स्वतःसाठी काढलेली रिळं तेवढी आर्वीला आणून टिनाच्या खोलीत रचली. अन् पोरगा म्हणतो भंगार.
"तू कोन बे? कॉलेज सोडलेला आलूवाल्याचा पोरगा."
खरं आहे. म्हणून जास्त लागलं.
गुंजन मध्ये पडली. बहिणीचं ऐकतो तो. जूनअखेरपर्यंत थांबतो म्हणाला.

२० एप्रिल
गुंजनला पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. तिथल्या फिल्म संग्रहाची माणसं रिळं न्यायला तयार आहेत, पण गाडी जूनमध्ये. "तोवर तू सांभाळ निकेश. लाल दोऱ्याचा डबा तर जिवापाड."
त्यात कोकिळाकाकू आहेत, गिरडची टेकडी चढताना. त्या गेल्या तेव्हा गुंजन पाळण्यात होती. "फोटो आहेत रे. पण आई चालायची कशी, ते मी पाहिलंच नाही."
गाडी हलल्यावर तिनं हात केला. की डोळ्यांवरचं ऊन अडवलं? दिवसभर हेच.

२४ एप्रिल
टिनाच्या खोलीत भिंतीला हात टेकवत नाही. एक डबा उघडला तर आंबूस भपकारा, लोणचं नासल्यासारखा. रीळ कडेनं वळलंय. गुंजनला फोन केला. म्हणाली, आता एकही उघडू नको.
दिवाळीत काका ओट्यावर बसून रिळांबद्दल सांगत होते. गुंजननं त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला फोन कठड्याला टेकवला अन् चहा आणायला आत गेली. काका म्हणाले, "रिळाले दोन दुश्मन असतात निकेश. एक गरमी. अन् दुसरा—" तेवढ्यात ती चहा घेऊन दारात आली. निळी ओढणी. पुढचं मी ऐकलंच नाही.
तिला विचारावं? मग तेव्हा माझं लक्ष कुठं होतं, तेही सांगावं लागेल. जाऊ दे. उंदीर असतील. नाहीतर योगेंद्र.

२५ एप्रिल
सुचलं! आमचे आलू मार्चपासून वर्धा रोडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये आहेत. रिळंही तिथंच ठेवायची.
बाबा म्हणाले, "सिनेमाचे डबे आलूपाशी? डोकं फिरलं का तुयं?" मी ताट सारून उठलो. शेवटी त्यांनीच पिकअपची चावी पुढं टाकली. भर दुपारी सगळे डबे नेले. स्टोरेज सांभाळणारे अण्णाजी बाबांना म्हणाले, "बंडूजी, पोराचे आलू लयच चपटे हायेत!"
दार उघडलं अन् गारवा अंगावर आला. डब्यांना बरं वाटलं असेल.
गुंजनला एवढंच सांगितलं, थंड जागी हलवले. "हुशार आहेस," म्हणाली. मग माझं नाव घेतलं. परत एकदा घ्यायला हवं होतं.

९ मे
अण्णाजी पाइपानं खाली पाणी मारत होते. "काऊन?" विचारलं. "हवा सुकली का आलू सुरकुतते. असा ठेवला तर काल काढल्यावानी रायते."
डब्यांवर हात ठेवला. गार. छतातून एक थेंब मनगटावर पडला. पुसला.
इथं ऊन नाही, उंदीर नाही, योगेंद्र नाही. दुसरा दुश्मन येणार कुठून?

१७ मे
काका स्वप्नात आले. ओठ हलत होते, आवाज नव्हता.

२ जून
गुंजन स्वतः येणार गाडीसोबत. "पुण्याला मशीनवर लावतील तेव्हा तू पण चल. आईला पहिल्यांदा बघताना कोणीतरी जवळ पाहिजे."
कोणीतरी म्हणजे मी!
योगेंद्र बाजारात दिसला. माझ्याकडे बघून हसला. नेहमीसारखं डोकं तापायला हवं होतं. तापलं नाही. भीती वाटली, कशाची ते कळेना.

११ जून
झाकणांच्या कडेनं गंज धरलाय. अण्णाजी म्हणतात, "लोखंड हाये बापा, घासलं का जाते." लाल दोऱ्याचा रंग उतरून झाकणभर पसरलाय. डबा हलवला. आत काही हललं नाही. आधी रीळ हलायचं.
उघडू नको म्हणाली होती. नाही उघडला.
येताना बाबांनी विचारलं, "काय झालं? तोंड काऊन असं करून राह्यला?" काही नाही म्हटलं. नवा शर्ट घेतला.

२१ जून
गुंजन निघालीय. वाटेत दिवाळीची क्लिप सापडली म्हणून पाठवली. "बाबांचा आवाज! तू पण आहेस बघ."
काकाच. "एक गरमी. अन् दुसरा ओल. गरमीत रीळ हळू हळू मरते. ओलीत चिकटून जाते, चित्र सुटून येते. कितीही थंड ठेव, पन कोरडं ठेव. ऐकून राह्यला ना बे?"
अन् माझा आवाज, "हो काका."
तसाच स्टोरेजला गेलो. लाल दोऱ्याचा डबा उघडला. रिळाला बोट लावलं. चित्र बोटाला आलं.
गाडीनं अमरावती सोडली म्हणे.